अटकेपार आणि ‘ध’चा ‘मा’

एखाद्या खेड्यातील मुलगी परदेशात जाऊन बुद्धिबळाचा डाव जिंकते आणि गावकरी अभिमानाने म्हणतात, “पोरीने अटकेपार झेंडा लावला!” दुसरीकडे, सांगितलेला निरोप कोणी मुद्दाम बदलून पोहोचवला, की “याने ‘ध’चा ‘मा’ केला” असे लोक सहज बोलून जातात. पहिल्या वाक्प्रचारात गौरव आहे, दुसऱ्यात कपट. परंतु या दोन्हींच्या मुळाशी एकाच पुरुषाचे चरित्र आहे. तो पुरुष म्हणजे पहिल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव रघुनाथराव.

अटक हे सिंधू नदीच्या काठचे ठाणे. तेथील किल्ला अकबर बादशहाने बांधला. पुण्यापासून हे ठिकाण सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १७०० किलोमीटर दूर आहे. आज ते पाकिस्तानात मोडते. इ. स. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या सैन्याने लाहोर घेतले, आणि मराठ्यांच्या तुकड्या पुढे थेट अटकेपर्यंत धडकल्या. घोडा, बैल आणि माणसाचे पाय यांखेरीज प्रवासाचे साधन नसलेल्या काळात ही मजल विलक्षणच म्हटली पाहिजे. रघुनाथरावांच्या या झपाट्यामुळे भाषेत ‘राघोभरारी’ असाही एक शब्द रूढ झाला.

हा विजय मात्र टिकला नाही. मोहिमेहून पेशव्यांच्या पदरी खजिन्याऐवजी कर्ज आले. १७५९ साली अहमदशहा अब्दाली पुन्हा चालून आला व पंजाब हातचा गेला. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर काय झाले, हे सर्वश्रुतच आहे. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता नाश होणे, हा अर्थ त्या एका दिवसाने भाषेला दिला. झेंडा गेला, प्रांत गेला. ‘अटकेपार’ हा शब्द तेवढा राहिला.

दुसऱ्या वाक्प्रचाराची हकीकत दुःखद आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली वारले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचे वय लहान, स्वभाव उतावळा. काका रघुनाथराव यांना तर पेशवेपदाची आस फार दिवसांची. पुतण्याने काकांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद महिन्यात, भर दुपारी थकलेल्या पगाराची मागणी करीत गारदी वाड्यात शिरले. नारायणराव जीव वाचविण्यासाठी काकांच्या दालनाकडे धावले व “काका, मला वाचवा” म्हणून त्यांना बिलगले, असे सांगतात. चाफाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःचा देह घातला. गारद्यांनी दोघांनाही ठार केले. नारायणराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते.

लोककथा अशी, की रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या कागदात ‘नारायणरावांस धरावे’ एवढाच हुकूम होता. त्यांची पत्नी आनंदीबाई यांनी त्यातील ‘ध’ खोडून ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. एका अक्षराने एक जीव जावा, ही कल्पनाच इतकी भयंकर आहे की ती ऐकणारा विसरत नाही. म्हणूनच हा वाक्प्रचार सर्वतोमुखी झाला असावा.

परंतु येथे थोडे थांबणे अवश्य आहे. अक्षर बदलल्याची ही गोष्ट इतिहासकार निर्विवाद मानीत नाहीत. खुनाची चौकशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी केली आणि त्यांनी दोषी ठरविले ते रघुनाथरावांना! सत्ता ज्याच्या हाती आली होती त्यालाच त्याचा अपराध तोंडावर सांगण्यास केवढे धैर्य लागले असेल! न्यायासनाने पतीला दोष दिला. भाषेने मात्र तो पत्नीच्या माथी मारला. न्यायालयात पुरावा द्यावा लागतो. वाक्प्रचाराला तो कोणी मागत नाही, आणि त्याच्या निकालावर दाद मागण्याची सोयही नाही.

रघुनाथरावांना पेशवेपद फार काळ लाभले नाही. नाना फडणीस, सखारामबापू आदी मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला. यांनाच ‘बारभाई’ म्हणतात. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला, त्यालाच त्यांनी पेशवा केले. गंमत अशी, की एवढे मोठे राजकारण तडीस नेणाऱ्या मंडळींचे नाव आज ‘बारभाई कारभार’ म्हणून, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसलेल्या गोंधळालाच लावले जाते.

शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत जळून गेले. तट, बुरूज व दरवाजे अद्याप उभे आहेत. ज्या दरवाजातून त्या तरुण पेशव्याचा देह बाहेर नेण्यात आला असे सांगतात, तो ‘नारायण दरवाजा’ या नावाने ओळखला जातो.