बौद्ध जपमाळ : रचना आणि अर्थ



जपमाळ ही आपल्या देवघरातील नित्य परिचयाची वस्तू होय. हीच माळ बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिबेट, चीन व जपान या देशांत गेली. तेथे ती कशी घडविली जाते व तिच्या अंगोपांगांस कोणता अर्थ दिला आहे, हे पाहिले असता आपल्या हातातील माळेचाही विचार अधिक जाणतेपणाने करता येईल.

चिनी भाषेत सुरक्षित राहिलेल्या एका लहानशा बौद्ध सूत्रात माळेविषयी पुढील कथा आहे. सरहद्दीवरील एका छोट्या राज्याचा राजा भगवान बुद्धांकडे दूत पाठवितो. राज्यात लुटारूंचा उपद्रव, रोगराई व धान्याची महागाई. राजास क्षणाची स्वस्थता नाही. धर्मग्रंथ विशाल व गहन. अशा स्थितीत त्यांचे अनुष्ठान घडावे कसे? तेव्हा बुद्ध सांगतात : रिठ्याच्या १०८ बिया ओवून जवळ बाळगाव्या. चालता, बसता, निजता, चित्त विचलित न होऊ देता बुद्ध, धर्म व संघ यांचे नाम घ्यावे आणि एकेक बी पुढे सरकवावी. असा दहा लक्ष जप झाला म्हणजे १०८ क्लेशांचे बंधन तुटते. राजा हर्षित होऊन अशा सहस्र माळा करवितो व आप्तांना वाटतो.

या कथेतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. माळ येथे सांगितली ती अरण्यातील तपस्व्यास नव्हे, तर संसाराच्या विवंचनेत गुरफटलेल्या माणसास. ती सांगितली तीही रत्नांची नव्हे, रिठ्यांची!

१०८ या संख्येची एक फोड अशी. पाच इंद्रिये व मन मिळून सहा द्वारे. प्रत्येकातून सुख, दुःख व उपेक्षा अशा तीन वेदना. त्या प्रापंचिक वा वैराग्यजन्य अशा दोन प्रकारच्या. आणि भूत, वर्तमान व भविष्य असे तीन काळ. सहा, तीन, दोन व तीन यांचा गुणाकार १०८ होतो. जपानमध्ये वर्षाच्या अखेरच्या रात्री मंदिरातील घंटेचे १०८ ठोके देतात, तेही याच संख्येचे स्मरण होय.

माळ करताना बी वाळवून, मधोमध भोक पाडून व घासून गुळगुळीत करतात. तिबेटी परंपरेत दोरा तीन वा नऊ पदरी असतो. तीन पदर हे बुद्धाच्या तीन कायांचे प्रतीक. मेरूच्या जागी मोठा गुरुमणी व त्यावर निमुळता मणी बसवितात. दोन्ही मिळून स्तूपाचा आकार दिसतो. आपल्याप्रमाणे तेथेही मेरू ओलांडीत नाहीत. माळ उलट फिरवून पुन्हा आरंभ करतात. आवर्तने मोजण्यासाठी दहा दहा कड्यांच्या दोन लहान सरी जोडलेल्या असतात. विशेष हा की, १०८ मण्यांचे एक आवर्तन शंभरच धरतात. उरलेले आठ, जपात राहिलेल्या चुकांच्या भरपाईसाठी! मन भरकटणार हे जाणूनच ही योजना केलेली आहे.

स्फटिक, चंदन, रुद्राक्ष, पोवळे, अस्थी असे अनेक प्रकारचे मणी वापरतात. ‘बोधिबीज’ म्हणून मिळणारे मणी मात्र पिंपळाचे नसतात, कारण पिंपळाचे बी मोहरीहूनही बारीक असते. नेपाळातील काभ्रे जिल्ह्यात मिळणाऱ्या अशा बिया बोरीच्या जातीच्या एका झाडाच्या असतात. त्यांतील लहान आकाराच्या बियांस फार मोठी किंमत येते. मौल्यवान माळ जवळ असण्यात काही गैर नाही. परंतु किंमत वाढल्याने जप वाढत नाही.

रोज एकच माळ ओढली, तर दहा लक्ष जपास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे हे एका दिवसाच्या उत्साहाचे काम नसून आयुष्यभराच्या नेमाचे आहे. त्या राजाची संकटे माळ हाती घेताच नाहीशी झाली, असे कथा सांगत नाही. संकटे असतानाही चित्त स्थिर ठेवण्याचा मार्ग त्यास मिळाला, एवढेच सांगते. ‘वेळ मिळत नाही’ असे म्हणणाऱ्या आपणा सर्वांस तो मार्ग आजही मोकळा आहे.