नवीन कॉम्प्युटर घेतला? अँटिव्हायरस निवडण्याआधी आणि नंतर काय करायचं



नवीन कॉम्प्युटर घेणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक काउंटरवर एकच प्रश्न विचारतो, "भाऊ, अँटिव्हायरस कोणता टाकू?" प्रश्न बरोबर आहे, पण तो पहिला प्रश्न नाही. मी स्वतः दुकानदार आहे, अँटिव्हायरसचे बॉक्स माझ्याही कपाटात असतात. तरी सांगतो, फक्त बॉक्स विकत घेऊन कोणाचा धंदा सुरक्षित होत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची ढोली सगळ्यांनी पाहिली आहे. ढोलीजवळ मांजर ठेवली, पण ढोलीला खालून भोक राहू दिलं, तर मांजर किती उंदीर पकडणार? अँटिव्हायरस म्हणजे ती मांजर. भोकं बुजवणं म्हणजे अपडेट. आणि थोडं धान दुसऱ्या घरी ठेवणं म्हणजे बॅकअप. तिन्ही लागतात.

घरून धंदा सुरू करणाऱ्याला हे जास्त लागू पडतं. तुमची बिलं, उधारीची यादी, जीएसटीची कागदपत्रं, ग्राहकांचे नंबर, सगळं त्या एकाच डब्यात असतं. मोठ्या कंपनीकडे आयटीवाला असतो. आपल्याकडे आपणच आयटीवाले. म्हणून नवीन मशीन घरी आल्यावर पहिल्या दिवशी दोन-तीन तास द्या आणि खालच्या क्रमाने काम करा.

पायरी १ : खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. बरेच लोक म्हणतात, "दुकानवाल्या पोराला सांगा, तोच करून देईल." तो करून देतो, पण कधीकधी स्वतःच्या ईमेलवर. इथे धोका आहे. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघाड झाला आणि मशीनने ती की मागितली, तर खातं ज्याचं त्याच्याकडेच चावी. म्हणून ईमेल तुमचा, मोबाइल नंबर तुमचा, पासवर्ड तुमचा. रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.

पायरी २ : दुसरं काहीही टाकण्याआधी विंडोज अपडेट

सेटिंग्जमध्ये जा, विंडोज अपडेट उघडा, चेक फॉर अपडेट्स दाबा. रीस्टार्ट मागेल, करा. पुन्हा चेक करा. "यू आर अप टू डेट" दिसेपर्यंत हेच करत राहा. डेटा जास्त लागतो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटपेक्षा वायफाय बरं.

"एवढा वेळ कशाला घालवायचा?" असं वाटत असेल तर हे वाचा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फाइलना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस. दीडशेहून जास्त देशांत त्याने मशीन बंद पाडल्या. आता गंमत बघा. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. म्हणजे जवळपास दोन महिने हातात होते. ज्यांनी अपडेट केलं होतं, त्यांच्या मशीनला ते भोक नव्हतंच.

सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वस्तात मिळतोय म्हणून जुना डेस्कटॉप घेताना आधी विचारा, "यावर विंडोज ११ चालते का?" चालत नसेल तर ती किंमत स्वस्त नाही.

पायरी ३ : क्रॅकला नाही म्हणा

ही पायरी अनेकांना टोचेल. कोणीतरी पेनड्राइव्हमधून फुकटचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून देतो. टाकताना पहिली सूचना असते, "अँटिव्हायरस बंद करा." थांबा आणि विचार करा. घरात शिरणारा माणूस म्हणतोय की आधी कुत्रा बांधून ठेवा. मग तो पाहुणा आहे की चोर, हे तुम्हाला कसं कळणार? क्रॅकमध्ये दरवेळी व्हायरस असतोच असं नाही. पण असला तर पकडणाराच तुम्ही झोपवलेला असतो.

बजेट नसेल तर रस्ता आहे. पत्र आणि हिशेबासाठी लिब्रे ऑफिस कायदेशीररीत्या मोफत आहे. फोटोसाठी जिम्प, डिझाइनसाठी इंकस्केप आहे. सुरुवातीला हे पुरतं. धंदा वाढला की विकतचं घ्या, आणि त्याचं बिल खर्चात दाखवा.

पायरी ४ : दोन युजर आणि एक छोटी सेटिंग

एक युजर ॲडमिनिस्ट्रेटर ठेवा, फक्त सॉफ्टवेअर टाकण्यापुरता. रोजच्या कामासाठी दुसरा, स्टँडर्ड युजर बनवा. मुलांसाठी तिसरा. स्टँडर्ड युजरमधून काही मोठं इन्स्टॉल व्हायला लागलं की कॉम्प्युटर ॲडमिनचा पासवर्ड मागतो. तिथे तुम्हाला थांबून विचार करायला एक संधी मिळते.

मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स हे चालू करा. आता फाइलचं पूर्ण नाव दिसेल. "बिल डॉट पीडीएफ" असं वाटणारी फाइल प्रत्यक्षात "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असेल तर ती बिल नाही, प्रोग्राम आहे. उघडायची नाही.

पायरी ५ : आता अँटिव्हायरस

पहिली गोष्ट, विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो. वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही. नवीन लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या कंपनीचा ट्रायल अँटिव्हायरस भरलेला येतो. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो. ट्रायल संपली, तुम्ही "रिमाइंड मी लेटर" दाबत राहिलात, की संरक्षण अर्धवट. म्हणून निर्णय घ्या, एकतर तो विकत घ्या, नाहीतर अनइन्स्टॉल करा. काढला की डिफेंडर स्वतः कामाला लागतो.

दुसरी गोष्ट, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवायचे नाहीत. ते एकमेकांच्या कामात पाय घालतात आणि मशीन हळू होतं. दोन माणसांनी एकच स्टिअरिंग धरल्यासारखं.

मग कोणाला काय पुरतं?

- घरी मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, थोडंफार बिलिंग असेल आणि कॉम्प्युटर तुम्हीच वापरत असाल तर नीट अपडेट होणारा डिफेंडर पुरेसा आहे.
- झेरॉक्स-प्रिंटिंग, फोटो स्टुडिओ, ऑनलाइन सेवा केंद्र असा धंदा असेल, जिथे दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, कामाला दोन-तीन पोरं आहेत, तिथे विकतचा घ्यायला हरकत नाही. तिथे तुम्ही पैसे देता ते जास्त नियंत्रणासाठी आणि फोनवर मदत करणाऱ्या माणसासाठी.

विकतचा घेताना जाहिरात बघू नका. हे पाच प्रश्न विचारा.

१. स्वतंत्र तपासणीत तो कसा ठरला? जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरस तपासून निकाल वेबसाइटवर मोफत टाकतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापर या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. डिफेंडरचेही गुण तिथे दिसतात, तुलना करा.
२. पहिल्या वर्षाची किंमत ठीक, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल कितीला? ऑटो-रिन्यू चालू आहे का?
३. किती मशीनवर चालतो? एकाच मशीनसाठी पाच मशीनचा पॅक घेऊ नका.
४. तुमच्या मशीनवर हळू तर होत नाही? ट्रायल टाकून आठ दिवस नेहमीचं काम करून बघा.
५. अडलं तर मराठी किंवा हिंदीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो का?

आणि फुकट असेल तर एक प्रश्न जास्तीचा, कंपनी पैसे कशातून कमावते? अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्यावर १.६५ कोटी डॉलर भरण्याची कारवाई केली. रखवालदारच घरातल्या गोष्टी बाहेर सांगत होता, असं ते प्रकरण.

इथे उद्योजक म्हणून एक गोष्ट घ्या. क्विक हील ही कंपनी आपल्या मराठी माणसाची. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसची तक्रार दिसत होती, आणि धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९५ मध्ये कंपनी झाली, २००७ मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. हे सांगतोय ते जाहिरात म्हणून नाही. तेच घ्या असं मी म्हणत नाही, वरचे पाच प्रश्न त्यालाही लावा. सांगायचं एवढंच की ग्राहक पुन्हा पुन्हा जी तक्रार आणतो, तिच्यात धंदा लपलेला असतो.

पायरी ६ : बॅकअप, जो सगळं बुडाल्यावर वाचवतो

वॉनाक्रायनंतर दीड महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. त्याचा फटका आपल्या महाराष्ट्रातही बसला. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे चोर खऱ्या दाराने आला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. आणि त्यांच्या नेटवर्कचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरवर असतो, त्याची एकच चांगली प्रत शिल्लक होती, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसात. ती का वाचली? कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता!

आपल्याकडे लाईट जाणं नवीन नाही, पण त्या भरवशावर राहू नका. शिकायचं हे की जी प्रत मशीनला जोडलेली नाही, ती व्हायरसला दिसत नाही. म्हणून नियम असा, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर.

- पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये.
- दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. दर शनिवारी जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप नाही, कारण रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो.
- तिसरी गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर, निदान उधारी, बिलं आणि कागदपत्रांच्या स्कॅनची.

टॅली वापरत असाल तर त्यातच बॅकअपचा पर्याय आहे. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

डिफेंडर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे. तो बंद असतो, चालू करा. अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोल्डरमधल्या फाइल बदलता येत नाहीत. एखादं चांगलं सॉफ्टवेअर अडलं तर त्याला तिथूनच परवानगी देता येते.

अँटिव्हायरस काय करू शकत नाही

तुम्ही स्वतः फोनवर ओटीपी सांगितला, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकून समोरच्याला कॉम्प्युटर दिला, तर कोणताही अँटिव्हायरस मधे पडत नाही. बँकेचा माणूस ॲप टाकायला सांगत नाही. पैसे गेलेच तर लाज धरू नका, लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याची शंका असेल तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र मोफत टूल देतं, २०१७ पासून ते सुरू आहे.

आणि फाइल उघडेनाशा झाल्या, स्क्रीनवर पैशांची मागणी आली, तर आधी वायफाय बंद, लॅनची वायर बाहेर, एक्स्टर्नल डिस्क काढा. स्क्रीनचा फोटो घ्या. पैसे पाठवू नका, पैसे देऊन फाइल मिळतीलच याची हमी नाही. मग ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलवा.

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि चार उत्तरं लिहा. माझ्या कॉम्प्युटरचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे? शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला झालं? सध्या कोणता अँटिव्हायरस चालू आहे आणि त्याची मुदत कधीपर्यंत? आणि आज हा कॉम्प्युटर बंद पडला, तर उधारीची यादी मला कुठून मिळेल?

चौथ्या उत्तराची जागा कोरी राहिली, तर बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळी आधी बॅकअप घ्या.