'शॅल' म्हणजे 'होईल' की 'झालेच पाहिजे'?

शासकीय सेवेत दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतील ही गोष्ट आहे. एका योजनेच्या इंग्रजी परिपत्रकावरून ग्रामीण वाचकांसाठी मराठी माहितीपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. अर्जदाराला पोचपावती देण्याविषयीच्या वाक्यात मूळ शब्द होते 'शॅल बी गिव्हन'. मी विशेष विचार न करता 'पोचपावती देण्यात येईल' असे लिहून मोकळा झालो. पुढे एका गावच्या सभेत तेथील सरपंचांनी ती पत्रिका हातात धरून विचारले, "साहेब, 'देण्यात येईल' म्हणजे दिलीच पाहिजे, की दिली तर दिली?"

"दिलीच पाहिजे," मी म्हणालो.

"मग तसं लिहिलं का नाही? आमच्या माणसांना तीन आठवडे 'येईल, येईल' म्हणूनच परत पाठवताहेत."

मी कला शाखेचा पदवीधर. इंग्रजी व्याकरणात आपल्याला बरे गुण पडत असत याचा मला तोवर थोडा अभिमानही होता. त्या प्रश्नाने तो बराच उतरला. 'शॅल' हे चार-पाच अक्षरांचे साहाय्यक क्रियापद आपण शाळेत एका अर्थाने शिकतो आणि कार्यालयात ते दुसऱ्याच अर्थाने भेटते. मधल्या गल्लतीचा भुर्दंड मात्र अर्ज हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पडतो. म्हणून या शब्दाचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

शाळेतील नियम सर्वांना आठवत असेल. साध्या भविष्यकाळात 'मी' आणि 'आम्ही' यांच्यासोबत 'शॅल', इतर कर्त्यांसोबत 'विल'. निश्चय, आज्ञा किंवा वचन सांगायचे असेल तर नेमके उलट. हा नियम फार जुना आहे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात तो मांडला आणि नंतरच्या व्याकरणकारांनी तो पुढे चालवला. या नियमावरचा एक विनोदही जुना आहे. पाण्यात पडलेला एक परदेशी गृहस्थ 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडतो. त्याला म्हणायचे असते की मी बुडणार, कोणी मला वाचवणार नाही. काठावरचे व्याकरणनिष्ठ इंग्रज मात्र असा अर्थ घेतात की याचा बुडण्याचा निर्धार आहे आणि वाचवण्यास याची सक्त मनाई आहे. ते बिचारे आज्ञाधारकपणे उभे राहतात. प्रत्यक्ष बोलण्यात इंग्रजांनीही हा नियम कधी पुरता पाळला नाही. अमेरिकेत तर रोजच्या बोलण्यातून 'शॅल' जवळजवळ गेलेच. 'खिडकी उघडू का?' असे दुसऱ्याचे मत विचारताना 'शॅल आय' म्हणतात, तेवढा वापर उरला आहे. आपल्या वर्गांतील मुले दारात उभी राहून 'मे आय कम इन?' म्हणतात, तेथे मागणी परवानगीची असते. हा फरक शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावा. पुढे कायदा वाचताना तो उपयोगी पडतो.

शब्दाचे मूळ पाहिले की बरेच कोडे सुटते. प्राचीन इंग्रजीत 'शॅल'च्या पूर्वरूपाचा अर्थ 'देणे असणे', 'ऋणी असणे' असा होता. जर्मन भाषेत त्याच कुळातील 'शुल्ड' हा शब्द कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी आजही चालतो. याउलट 'विल' म्हणजे मुळात इच्छा. अर्थात 'मी शॅल जाणे' म्हणजे जाणे माझ्यावर देणे आहे आणि 'मी विल जाणे' म्हणजे जाण्याची माझी इच्छा आहे. पुढे दोन्ही शब्द झिजून भविष्यकाळाचे झाले. आपल्या भाषेला ही कल्पना परकी नाही. 'तो माझे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला तेथे जावे लागते' या दोन्ही वाक्यांत आपण एकच 'लागणे' वापरतो. एकात ऋण आहे, दुसऱ्यात बंधन. 'शॅल' समजून घेण्यासाठी शब्दकोशापेक्षा हे 'लागणे' अधिक जवळचे आहे.

बोलभाषेने ते जुने देणे विसरले, तरी कायद्याच्या भाषेने ते जपले. अधिनियम, नियम, करार, निविदा यांमध्ये 'शॅल' आले की सामान्यतः समजावे की येथे पुढे काय घडेल याचे भाकीत केलेले नाही, कोणावर तरी कर्तव्य सोपवले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ७ मध्ये माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत माहिती द्यावी किंवा कारणे देऊन अर्ज नाकारावा, असे आहे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत. तेथील क्रियापद 'शॅल' आहे. त्याऐवजी 'मे' असते तर तो अधिकार राहिला नसता, कृपा झाली असती.

या एका शब्दाचे वजन किती असू शकते हे १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'ललिताकुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन' या प्रकरणात दाखवून दिले. अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार घेऊन गेलेल्या वडिलांची दाद लागत नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेण्याविषयी 'शॅल' असा शब्द होता. पोलिसांनी आधी चौकशी करून खबर खरी वाटली तरच ती नोंदवावी काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे. वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार यांसारख्या काही प्रकारांत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला, पण तीही कशासाठी, तर दखलपात्र गुन्हा उघड होतो की नाही एवढेच पाहण्यासाठी. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १७३ मध्ये नोंदणीचे बंधन आहे. परंतु तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येईल अशी तरतूद नव्याने आली आहे. त्या पोटकलमात शब्द आहे 'मे'. गावातील कोणी तक्रार घेऊन पंचायत सदस्याकडे सल्ल्याला आला, तर हे दोन शब्द कोठे आहेत हे त्या सदस्याला ठाऊक असलेले बरे.

येथे एक सावधगिरी हवी. 'शॅल' दिसले की सक्ती आणि 'मे' दिसले की मर्जी, असा सरधोपट हिशेब न्यायालये करीत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावे व्यक्त केली जाते. शासन निर्णयाच्या शेवटी येणारे 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे शब्द तेथूनच आले. तेथेही इंग्रजीत 'शॅल' आहे. पण १९५२ साली 'दत्तात्रय मोरेश्वर पांगारकर विरुद्ध मुंबई राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ही तरतूद निदेशात्मक आहे. म्हणजे ती पाळावी हे खरे, परंतु हे शब्द राहून गेले एवढ्याच कारणाने निर्णय रद्द होत नाही. तो खरोखर शासनाने घेतला होता हे मग अन्य पुराव्याने सिद्ध करावे लागते, इतकेच. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या अनुच्छेद ३२० मधील 'शॅल'बाबतही १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात असाच निष्कर्ष निघाला.

उलट उदाहरणही आहे. उत्तर प्रदेशातील शिस्तभंगविषयक नियमांत असे होते की राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतः विनंती केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे सोपवू शकतील. शब्द 'मे'. शासनाचे म्हणणे, सोपवायचे की नाही ही आमची मर्जी. १९६३ साली जोगेंद्र सिंग यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या निर्णयाने हे म्हणणे फेटाळले गेले. विनंती करण्याची ही खास सोय राजपत्रित अधिकाऱ्याला नियमानेच दिली असेल, तर ती मानायची की नाही हे शासनाच्या मर्जीवर ठेवल्यास सोयीला अर्थच उरत नाही. म्हणून येथे 'मे' हे 'शॅल'च समजावयाचे. तात्पर्य, शब्द पाहावा, पण तेवढ्यावर थांबू नये. तरतूद कोणाच्या हितासाठी आहे, ती न पाळल्यास काय होईल हे कायद्याने सांगितले आहे काय, आणि ती मोडल्याची झळ निरपराध माणसाला तर बसत नाही ना, हे पाहिल्यावाचून अर्थ पुरा होत नाही.

पंचायत सदस्यांनी घटनेतील नववा भाग या दृष्टीने एकदा वाचून पाहावा. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या या भागात पंचायती स्थापन करणे, पाच वर्षांची मुदत, अनुसूचित जाती-जमाती व महिला यांच्या राखीव जागा, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, या सर्वांसाठी 'शॅल' आहे. पंचायतींना अधिकार देण्याचा विषय आला की, अनुच्छेद २४३-छ मध्ये, क्रियापद बदलते : राज्य विधानमंडळ कायद्याने अधिकार प्रदान 'करू शकेल'. अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. ते आपोआप पंचायतीकडे येत नाहीत याचे कारण या 'मे'मध्ये आहे. पंचायत असणे ही सक्ती, तिच्या हाती काय द्यावे हा राज्याचा विवेक. अनेक सभांतून 'घटनेने आम्हाला एकोणतीस खाती दिली आहेत' असे ठासून सांगितले जाते. भावना समजण्यासारखी आहे, पण मागणी नेमकी करायची तर ती राज्याच्या कायद्यापाशी करावी लागते.

याच भागात 'मे नॉट' या फसव्या जोडशब्दाचाही नमुना सापडतो. वीस लाखांहून अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्यात मधल्या स्तरावरील पंचायती 'मे नॉट' स्थापन होणे, असे तेथे म्हटले आहे. इंग्रजी बोलण्यात 'यू मे नॉट' म्हणजे मनाई. येथे मात्र अर्थ आहे, न केल्या तरी चालतील. गोव्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत आहेत, मधला स्तर नाही, तो या सवलतीमुळे. मनाई करायची असती तर घटनाकारांनी 'शॅल नॉट' लिहिले असते.

शिक्षकांसाठी याहून जवळचा धडा शिक्षणाचाच आहे. मूळ घटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांत 'प्रयत्न करील' असे होते. येथेही 'शॅल' होते, पण त्याचे कर्म 'प्रयत्न' होते, आणि अनुच्छेद ३७ ने त्या भागातील तरतुदी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे आणखी एका 'शॅल'ने सांगून ठेवले होते. दहा वर्षे १९६० मध्ये सरली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांत अनुच्छेद २१-क आला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यात 'शॅल' तेच, 'प्रयत्न' तेवढा गेला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क अधिनियमात पाचवी व आठवीच्या वर्षअखेर परीक्षा घेण्यासाठी 'शॅल' आले. पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलास त्याच वर्गात ठेवू द्यायचे की नाही, हे संबंधित शासनावर सोपवताना 'मे' वापरले गेले.

आता मराठीकडे. आपल्या विधी-अनुवादात 'शॅल'साठी बहुधा साधा भविष्यकाळ येतो. घटनेच्या अनुच्छेद १४ च्या मराठी पाठात राज्य समानता 'नाकारणार नाही' असे आहे आणि अधिनियमांत 'करील', 'असेल', 'राहील' ही रूपे नित्य दिसतात. 'मे'साठी 'करता येईल', 'करू शकेल'. अधिनियमाच्या गंभीर चौकटीत हे शोभते आणि वाचणाराही बहुधा जाणकार असतो. अडचण होते ती हीच रूपे फलकावर, पत्रिकेत आणि ग्रामसभेच्या सूचनेत उतरतात तेव्हा. 'दाखला देण्यात येईल' या वाक्यात बंधन लपते आणि कर्ताही लपतो. कोण देणार? केव्हा? 'करण्यात यावे' हा तर कार्यालयांचा लाडका प्रयोग. आज्ञा, सूचना, विनंती आणि कधी कधी नुसती इच्छा, या सर्वांना तो एकाच मापाने मोजतो. माझ्या मते नागरिकांसाठी लिहिताना 'शॅल'चा अनुवाद 'दिला पाहिजे' किंवा 'देणे बंधनकारक आहे' असाच करावा, 'मे'चा 'देता येईल' असा, आणि दोन्ही ठिकाणी कर्ता लिहावा. 'शुड'ला मात्र सक्तीचे रूप देऊ नये. तांत्रिक मानकांच्या लेखनात 'शॅल' म्हणजे आवश्यक अट, 'शुड' म्हणजे शिफारस आणि 'मे' म्हणजे मुभा, असा काटेकोर संकेत आहे. निविदेतील विनिर्देश मराठीत आणणाऱ्या अभियंत्यांनी तो सांभाळावा.

खुद्द इंग्रजी जगात या शब्दाला निरोप देण्याची प्रवृत्ती वाढली आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या आपल्या राज्यघटनेत बंधनासाठी 'मस्ट' पत्करले, आणि अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतून २००७ च्या पुनर्लेखनात 'शॅल' काढून टाकण्यात आले. आपल्या कायद्यांत ते अद्याप ठाण मांडून आहे.

त्या पत्रिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी वाक्य बदलून लिहिले : 'अर्ज स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याने अर्जदारास पोचपावती दिलीच पाहिजे.' मसुदा वर गेला आणि 'च' अनावश्यक आहे, असा शेरा होऊन परत आला. 'दिली पाहिजे' एवढे छापले गेले.