धूर निघतो, दोष कुणाचा?

प्रश्न : स्वस्तातली पेट्रोल चेनसॉ वाळल्या बाभळीत अडते, कापातून धूर निघतो. कार्बोरेटर बदलू का? – एक शेतकरी, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : घाई नको, आधी भुसा पाहा. धारदार साखळी ढलप्या पाडते, बोथट साखळी पिठासारखी पूड. पूड असेल तर धूर घर्षणाचा, इंजिनाचा नव्हे. काप वाकडा जात असेल तर दोन्ही बाजूंचे दात सारखे घासलेले नाहीत. ‘साखळी तर नवीच आहे,’ असे म्हणाल. पण बांधावरच्या मातीला एकदा टेकली की नवी धारही जाते. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या, आतून बाहेर चालवा, प्रत्येक दाताला तेवढेच हात द्या. गाइड बारपर्यंत तेल पोचते ना, तेही बघा. लाकडाबाहेरही इंजिन गुदमरत असेल, तरच एअर फिल्टर आणि मग कार्बोरेटर (दुकानदार उलटे सांगेल). कानस हातात घेण्यापूर्वी मात्र इंजिन बंद करून प्लगची टोपी काढा.