आधी आतलं पान, मग मुखपृष्ठ

काल तू मुखपृष्ठाचे चार नमुने पाठवलेस, आतलं पान मात्र एकही नाही. तिथेच मला धास्ती वाटली. स्वतः पुस्तक काढणाऱ्याचा जीव नेमका मुखपृष्ठात अडकतो. छापखान्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून हक्काने सांगतो, मामाचं ऐक.

प्रकाशकाकडे मांडणी बघणारा एक माणूस असतो. तुझ्याकडे तो नाही, म्हणजे ते काम तुझंच. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात, आधी दोनच पानं मजकूर लावून घे. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाचं ओळींमधलं अंतर तिला पुरत नाही. तेरा पॉइंटचं अक्षर असेल तर अठराच्या आसपास अंतर ठेव. शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर ओळीची शेवटची अक्षरं वाचायला पुस्तक मोडून धरावं लागतं. ती पानं घरच्या प्रिंटरवर खऱ्या आकारात छाप आणि आईला चष्मा लावून वाचायला दे. ती काय म्हणते त्यापेक्षा कागद डोळ्यांपासून किती लांब धरते ते बघ.

अक्षर निवडताना ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत ना, ते पाहा. त्याहून महत्त्वाचा ‘ऱ्य’. इथे माझीच चूक सांगतो. एका गिर्यारोहकाचं पुस्तक जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलं आणि घाईत मी फक्त पहिलं प्रकरण तपासलं. पुढे ‘दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ झालं. पाचशे प्रतींत सह्याद्रीत समुद्र शिरला! पैसे मी परत केले, पण त्या प्रती त्याच्या माळ्यावर अजून आहेत. म्हणून अंतिम प्रूफ कागदावरच वाच आणि आधी असेच शब्द शोध.

कागदाला पांढराशुभ्रपणा नको. नॅचरल शेडचा सत्तर जीएसएम मॅपलिथो चालेल. फक्त मागच्या पानाची अक्षरं पलीकडून दिसत नाहीत ना, ते खिडकीशी धरून बघ. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर असू दे. आडवा धागा आला तर पुस्तक उघडं राहायला तयारच होत नाही. मजकूर १६३ पानांवर गेला तर तीन पानं आवर. १६ पानांचा फर्मा, १६० म्हणजे बरोबर दहा. त्यापुढे गेलीस तर अकरावा फर्मा लागेल आणि तेरा कोरी पानं उरतील.

आता मुखपृष्ठ. स्क्रीनवरचा झगमगता निळा शाईत उतरत नाही, तो मळकट येतो, तेव्हा छापील नमुना मागच. लोक पुस्तक फोनवर नखाएवढं बघून घेतात. त्या आकारात तुझ्या तीन नमुन्यांवरची नावं वाचता येत नाहीत. चौथा बरा आहे, पण त्यातला फोटो काढ.

आणि ‘स्वतः छापलेलं म्हणजे घरगुतीच दिसणार’ हे मनातून काढून टाक. १९७६ साली मुंबईत चार कवींनी स्वतःची पुस्तकं काढायला ‘क्लिअरिंग हाउस’ सुरू केलं. त्यांच्यातले अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यातले. त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ तिथूनच आली आणि तिथल्या पुस्तकांची मुखपृष्ठंही त्यांनीच केली. ती घरगुती वाटत नाहीत.

कोऱ्या कागदांची डमी शिवून रविवारी घेऊन ये. पाठीची जाडी कागदावरच मोजू. नाव किती मोठं बसतं ते त्यावर ठरेल, आणि नाव वरून खाली लिहू. पुस्तक उताणं ठेवलं की ते सरळ वाचता येतं.