कांद्याचा भाव आणि बारा तारखेचं भूत

मित्रांनो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की आपल्याला आधी आठवतो तो अल्गोरिदम, मग ग्राफ, मग प्रेझेंटेशन. डेटा? तो तर काय, डाउनलोड केला की झालं! आम्हीही असंच समजत होतो. गंगापूर रोडवर विद्या विकास सर्कलजवळच्या रूमवर आम्ही चौघे बसलो होतो. विषय होता लासलगावच्या कांद्याचे भाव. आमच्यातला एक जण निफाड तालुक्यातला. घरी कांदा, चाळ भरलेली. त्याच्या वडिलांना आम्ही सगळेच आण्णा म्हणतो. त्यांचा फोन आला, "काय रे पोरांनो, तुमचा कंप्युटर काय म्हणतो? चाळीतला कांदा आता काढू का थांबू?"

प्रश्न साधा नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण रोज थोडं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. थांबावं तर नुकसान, घाई करावी तरी नुकसान.

आमचा ग्राफ तयार होता, आणि त्यात एक जबरदस्त गोष्ट दिसत होती. २०१९ साली जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेला भाव एकदम उसळतो आणि १३ ला परत खाली! एकाने लगेच थिअरी मांडली की महिन्याच्या त्या सुमारास व्यापाऱ्यांकडे पैसा येत असेल. आमच्या मित्राने उत्साहात घरी सांगूनही टाकलं, "आण्णा, बारा तारखेला माल न्या."

गाईड सरांनी ग्राफ पाहिला आणि एकच विचारलं, "फाइल उघडून बघितली का?"

नव्हती बघितली.

भूत कुठून आलं?

शेतमालाच्या भावांची माहिती देणारं केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० साली सुरू झालं. त्यातल्या माहितीची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. एका ओळीत एक नोंद, आणि राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान, कमाल व सर्वसाधारण भाव हे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले. तारीख आपल्या पद्धतीची, म्हणजे आधी दिवस, मग महिना.

लॅबच्या मशीनवर पायथॉनच्या पांडाजची जुनी आवृत्ती होती. २०२३ मध्ये २.० आवृत्ती येईपर्यंत हे पांडाज प्रत्येक ओळीतली तारीख स्वतंत्रपणे ओळखायचं, आणि आपण काही सांगितलं नाही तर अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरायचं. ०५/१२/२०१९ म्हणजे ५ डिसेंबर, पण ते वाचलं गेलं १२ मे. १३/१२/२०१९ मात्र बरोबर वाचलं गेलं, कारण तेरावा महिना नसतोच! म्हणजे १ ते ११ डिसेंबरचे भाव जानेवारी ते नोव्हेंबरच्या १२ तारखेला जाऊन बसले. २०१९ च्या डिसेंबरात कांदा उन्हाळ्याच्या मानाने कितीतरी पट महाग होता, म्हणून ही उसळी.

पुरावाही मिळाला. जानेवारी आणि ऑगस्टच्या १२ तारखेला उसळी नव्हती. का? १ आणि ८ डिसेंबर २०१९ हे रविवार होते! लिलावच नाही, तर भाव कुठून येणार? व्यापाऱ्यांची थिअरी तिथेच संपली.

उपाय एका ओळीचा. तारखेचा नमुना आपणच सांगायचा: दिवस, महिना, चार आकडी वर्ष. प्रोग्रामला अंदाज करू द्यायचा नाही.

मग फाइल साफ करायची कशी?

त्यानंतर आम्ही जो क्रम पाळला तो इथे देतो. आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

१. मूळ फाइलला हात लावू नका. ती फक्त वाचण्यापुरती ठेवा. सगळे बदल स्क्रिप्टने करा आणि निकाल दुसऱ्या फाइलमध्ये घ्या. चूक झाली तर स्क्रिप्ट सुधारून पुन्हा चालवता येते. हाताने केलेले बदल दुसऱ्या दिवशी आपल्यालाही आठवत नाहीत.

२. आधी मोजा. लिनक्सवर 'डब्ल्यूसी' ही आज्ञा ओळी मोजते, 'हेड' पहिल्या काही ओळी दाखवते. एक्सेलच्या भरवशावर राहू नका. त्याच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळीच मावतात, आणि जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६. ही मर्यादा किती महागात पडते ते २०२० मध्ये इंग्लंडने पाहिलं. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये जागा न उरल्याने कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर मोजल्याच गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

३. प्रत्येक ओळीतले रकाने मोजा. इथे 'ऑक' कामाला येतं. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाईनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ते बनवलं, नावही त्यांच्या आद्याक्षरांवरून. ते एका वेळी एकच ओळ वाचतं, म्हणून फाइल रॅमपेक्षा मोठी असली तरी अडत नाही. कोणत्या ओळीत किती रकाने आहेत हे त्याला मोजायला सांगा. चांगल्या फाइलमध्ये उत्तर एकच आकडा यायला हवा. दोन-तीन आकडे आले की समजा, कुठेतरी स्वल्पविराम घुसला आहे. भाव २,१०० असा लिहिला असेल तर एकाचे दोन रकाने होतात. नियमाप्रमाणे असा मजकूर दुहेरी अवतरणात हवा, पण साध्या ऑकला अवतरण कळत नाही. त्यासाठी पायथॉनचं सीएसव्ही मोड्यूल वापरा, किंवा ग्नू ऑकची २०२३ ची ५.३ आवृत्ती, जिच्यात ही सोय आहे.

४. नावांची यादी काढा. फक्त बाजाराचा रकाना घ्या, 'सॉर्ट' करा आणि 'युनिक'ला प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजायला सांगा. शेवटी जादा स्पेस असलेलं लासलगाव वेगळं मोजलं जातं, ते दुरुस्त करायचंच. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं, तेही काढा. पण यादीत लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशी तीन नावं आली तेव्हा आम्ही तिन्ही एक करायला निघालो होतो. आण्णांनी फोनवर थांबवलं, "अरे, निफाड अन् विंचूर हे उपबाजार आहेत. तिथला लिलाव वेगळा, भाव वेगळा." दिसायला सारखं ते सगळं एकच असं नसतं. माहीत असलेल्या माणसाला विचारा.

५. विचित्र आकड्यांना खूण करा, पण पुसू नका. किमान भाव सर्वसाधारण भावापेक्षा जास्त असेल तर ती चूक नक्की. किलोचा भाव क्विंटलच्या रकान्यात पडला तर आकडा शंभर पटीने लहान दिसतो. म्हणून आम्ही ठरवलं, क्विंटलला २०० रुपयांच्या खालचं सगळं काढून टाकू. स्क्रिप्ट लिहूनही झाली. तेव्हा मित्र म्हणाला, "थांबा रे." २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले होते आणि त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. बातमी देशभर गाजली होती. हा भाव क्विंटलला जेमतेम १४२ रुपये पडतो. आमच्या स्क्रिप्टने असे सगळे भाव 'चूक' म्हणून उडवले असते! ग्राफ सुंदर दिसला असता आणि सर्वात वाईट दिवसच त्यातून गायब झाले असते. तेव्हापासून आम्ही अशा ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि एकेक तपासतो.

६. नोंद नाही म्हणजे शून्य नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद राहिले. लासलगावला अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथाही वर्षानुवर्षे होती. अशा दिवशी रिकामी जागा रिकामीच ठेवा. तिथे शून्य भरलं तर महिन्याची सरासरी उगाच कोसळते.

७. हिशोब जुळवा. आत आलेल्या ओळी = बाहेर गेलेल्या ओळी + बाजूला ठेवलेल्या ओळी. हे समीकरण स्क्रिप्टनेच शेवटी छापलं पाहिजे. एका ओळीचा जरी फरक पडला तरी पुढे जाऊ नका.

आणि आण्णांचं काय?

बारा तारखेचं भूत उतरल्यावर आमच्या मित्राने घरी फोन केला. जरा लाजतच. "आण्णा, ते बारा तारखेचं चुकलं. तारखा उलट्या वाचल्या गेल्या होत्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आण्णा म्हणाले, "बरं झालं वेळेत सांगितलंस. मी बाराला ट्रॅक्टर सांगून ठेवला होता."

आम्ही चौघेही गप्प झालो. आमच्यासाठी तो वीस मार्कांचा ग्राफ होता. त्यांच्यासाठी वर्षाचा कांदा होता.

"मग आता काय म्हणतो कंप्युटर?" त्यांनी विचारलं. आम्ही खरं तेच सांगितलं. मागे काय झालं ते फाइल सांगते, पुढचं नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली, ती फाइलच्या कुठल्याच रकान्यात नाही. मागच्या वर्षांच्या, जातीनुसार वेगळ्या केलेल्या नोंदी आम्ही त्यांना छापून दिल्या. निर्णय त्यांचा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादी भलीमोठी फाइल हातात आली की ग्राफ काढायच्या आधी तिच्या ओळी मोजा, तारखा तपासा, आणि एखादी नोंद पुसण्याआधी विचारा की ही चूक आहे की कुणाचा खरंच इतका वाईट दिवस होता? चला, लागा कामाला!