ईईजीचा कागद कसा वाचावा?



फिट येणे या आजाराला नावे फार. जुन्या आज्या 'फेफरे' म्हणत, तान्ह्या मुलाला तापात आले तर 'आकडी', आपल्या बडोद्यात शेजारीपाजारी 'खेंच' किंवा 'वाई' म्हणतात, पुस्तकात 'अपस्मार' आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'एपिलेप्सी'. नाव कोणतेही असो, घरात पहिले वाक्य बहुधा एकच उच्चारले जाते : "कोणाला सांगू नका." या वाक्यामुळे मुलाचे आजारापेक्षा जास्त नुकसान होऊ शकते, असे आमचे मत आहे. त्याकडे येऊच. आधी त्या कागदाविषयी, जो हातात पडला की आईबाबांची झोप उडते.

मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील या लहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ साली ते काम प्रसिद्ध केले. आजचा ईईजी तोच. विद्यार्थ्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो : घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्यावर मिळणारी लहर त्याच्या साधारण तीस हजाराव्या हिश्शाएवढी. एवढी बारीक लहर पकडायची म्हणून डोक्याला तेल चालत नाही. आदल्या दिवशी केस धुऊन कोरडे ठेवायचे. डोक्यावर वीसेक तारा चिकट लेपाने लावतात. 'शॉक देतात' हा समज चुकीचा आहे. यंत्र वीज देत नाही, फक्त नोंदवते. मुलाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात, आणि शक्य झाल्यास झोपेतलीही नोंद घेतात. म्हणूनच कधी कधी आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागे ठेवायला सांगतात. दुखत काहीच नाही. लेप केसांतून काढताना मात्र आईची परीक्षा होते.

आता अहवाल. त्यावर 'ॲबनॉर्मल' असा शब्द असला की घरात सुतक पसरते. पण ईईजी हा मार्कशीटसारखा पास-नापासाचा निकाल नव्हे. ज्यांना आयुष्यात कधी फिट आलेली नाही अशा निरोगी मुलांतही शंभरात दोन-चार जणांच्या आलेखात असे टोकदार उंचवटे सापडतात. उलट ज्यांना खरोखर अपस्मार आहे, त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, कारण यंत्राने मेंदूचा अर्धाच तास पाहिलेला असतो. त्यामुळे डॉक्टर कागदापेक्षा हकिगतीला जास्त किंमत देतात. फिट कशी सुरू झाली, डोळे कुठे वळले, एक हात की दोन्ही, किती मिनिटे, नंतर मूल झोपले का, हे नीट सांगणारी आई किंवा आजी निदानाला फार उपयोगी पडते. हाताशी मोबाईल असेल आणि मुलाला सांभाळायला दुसरे कोणी असेल, तर चित्रीकरण करून ठेवा. आणि एक वही घाला : तारीख, वेळ, ताप होता का, गोळी चुकली होती का.

तापातली आकडी हे वेगळेच प्रकरण. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातील दोन ते पाच मुलांना ती येते. साधी, थोडा वेळ टिकणारी, एकदाच आलेली असेल तर बहुतेक वेळा ईईजीची गरजच नसते आणि बहुसंख्य मुलांना पुढे अपस्मार होत नाही.

काही प्रकार मात्र शाळेतच प्रथम दिसतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. चार ते दहा वर्षांच्या मुलांत 'ॲब्सेन्स' नावाची फिट असते. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. फक्त काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा जिथल्या तिथे सुरू. दिवसातून अनेकदा असे होऊ शकते. शुद्धलेखनाच्या वहीत मग ओळीच्या मधलेच दोन-तीन शब्द गळलेले दिसतात, पुढचे मागचे बरोबर. अशा मुलाला 'लक्ष नसते' म्हणून ओरडा बसतो. नावाने हाक मारून, खांद्याला हात लावूनही ते त्या क्षणी भानावर येत नसेल, तर शिक्षकांनी पालकांना जरूर कळवावे. या प्रकारात ईईजी खरोखर बोलका असतो. सेकंदाला तीन अशा ठरावीक लहरी दिसतात आणि औषधही चांगले लागू पडते.

दुसरा प्रकार झोपेत येतो. पहाटे तोंडाची एक बाजू वाकडी होते, लाळ गळते, मुलाला ऐकू येते पण बोलता येत नाही. याचा ईईजी पाहून घाबरायला होते, इतके उंचवटे असतात. आणि तरीही पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत हा आजार जवळजवळ नेहमी आपोआप थांबतो.

तिसरा प्रकार वयात येणाऱ्या मुलामुलींचा. सकाळी उठल्यावर हात झटकतो, चहाचा कप किंवा दात घासण्याचा ब्रश उडतो. घरचे म्हणतात, धांदरट आहे. यात जागरण हा मोठा शत्रू. आपल्या गावात नवरात्रातले गरबे आणि नऊ रात्रींची अपुरी झोप, त्यात उपवास आणि उपवासाला गोळी चुकवणे, हे सगळे एकत्र आले की फिट येण्याची भीती वाढते. गोळी उपवासाला चालते, हे घरातल्या मोठ्यांनीच मुलांना स्पष्ट सांगावे. गरबा अगदी बंद नको, पण वेळेवर घरी यावे.

स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसली म्हणजे कर्करोगच, असेही नाही. आपल्या देशात अशी गाठ पुष्कळदा पट्टकृमीच्या अळीची असते. तिची अंडी मैल्याने दूषित पाणी, न धुतलेली पालेभाजी, अस्वच्छ हात यांतून पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरांतही ती आढळते. अनेक मुलांत ही गाठ काही महिन्यांत विरघळते.

औषधांनी दहातील सहा-सात मुलांच्या फिट थांबतात. साधारण दोन वर्षे एकही फिट नसेल तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. 'बरे वाटतेय' म्हणून स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे. अंगारा लावायचा असेल तर लावा, आमचा वाद नाही. गोळी मात्र चुकवू नका.

विद्यार्थ्यांनो, वर्गमित्राला फिट आली तर घड्याळ पाहा. आसपासची बाके सरकवा, डोक्याखाली दप्तर नको, मऊ कपडा ठेवा, कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा पाठोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करू नका.

आता 'कोणाला सांगू नका' याबद्दल. मुलगी असेल तर पालकांच्या मनात लग्नाची भीती असते, हे आम्ही जाणतो. हिंदू विवाह कायद्याच्या शर्तींत पूर्वी अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ सालच्या दुरुस्तीने तो काढून टाकला गेला. कायदा बदलला, शेजारणी अजून बदलत आहेत. पण लपवल्याने दुपारची गोळी शाळेत घेता येत नाही, सहलीत तलावाकाठी मूल एकटे राहते, उत्तरायणाला गच्चीच्या कठड्यावर चढते आणि सोबतच्यांना काही ठाऊक नसते. सांगितले, तर पोहायला जाताना एक मोठा माणूस नजर ठेवतो आणि मूल पोहते.

म्हणून आमची विनंती एवढीच : औषधाचे नाव, मात्रा आणि फिट आल्यास काय करावे हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यावी. ती शिक्षकांपुरतीच राहील, वर्गात वाचली जाणार नाही. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांनी दिला असेल, तर तोही नावासह द्यावा. विश्वस्त मंडळाला आम्ही सुचवू इच्छितो की त्यासाठी कार्यालयात एक वेगळा खण असावा आणि त्याची किल्ली शाळेच्या पूर्ण वेळेत कोणाकडे तरी असावी, अगदी शनिवारच्या अर्ध्या शाळेतही.